दार उघडायचं की लावायचं? आग आणि हवेची 200 वर्षांची गोष्ट

आजचा प्रश्न ऐकायला एकदम साधा आहे. घराला आग लागलीय, आतून धूर येतोय, बाहेर बंब येऊन उभा आहे. आता खिडक्या फोडायच्या की नाही? दार उघडायचं की बंदच ठेवायचं?

बहुतेक जण म्हणतील, "अरे उघडा की! धूर जाऊ दे बाहेर." हे उत्तर पूर्ण चूक नाही, आणि गोची तिथेच आहे. या एका प्रश्नाचं उत्तर नीट हाती यायला जवळपास 200 वर्षं गेली, आणि त्यात आग विझवणाऱ्यांचेच जीव गेले.

सुरुवात करू स्कॉटलंडमधल्या एडिनबरापासून. साल 1824. आपल्याकडे पेशवाई बुडून सहा वर्षं झाली होती. एडिनबरा शहरानं स्वतःचं अग्निशमन दल उभं केलं आणि त्याचा प्रमुख केला जेम्स ब्रेडवूड नावाच्या 24 वर्षांच्या पोराला. हो, 24! ब्रेडवूडनं आपल्या माणसांना दोन गोष्टी शिकवल्या. एक, रस्त्यावरून पाणी मारत बसू नका, आत शिरा, आगीच्या जवळ जा. दुसरी, पाणी हातात येईपर्यंत दारं-खिडक्या बंद ठेवा. त्याचं गणित सरळ होतं: आगीला जेवढी हवा मिळेल, तेवढी ती पेटेल. 1830 साली त्यानं यावर पुस्तकही लिहिलं.

पुढे तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. 22 जून 1861 रोजी टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. आत ताग, कापूस, चरबी असा माल खच्चून भरलेला. गोदामांच्या मधे आग अडवायला लोखंडी दारं होती, पण ती उघडीच राहिली होती असं सांगतात. त्या आगीत एक भिंत कोसळली आणि तिच्याखाली ब्रेडवूड गेला. ज्यानं आयुष्यभर "दार लावा" म्हणून सांगितलं, त्याचा शेवट असा झाला. मला हा योगायोग फार बोचतो.

मग "उघडा" म्हणणारे कुठून आले? त्यांचंही म्हणणं खरंच होतं. गरम धूर वर जातो. आगीच्या बरोबर वर छपराला भोक पाडलं, तर धुराला वाट मिळते, खाली दिसायला लागतं, आत अडकलेल्या माणसाला श्वास घेता येतो. अमेरिकेतल्या शहरांमध्ये कुऱ्हाड घेऊन छपरावर चढणं हे फायरमनचं रोजचं कामच झालं. याला म्हणतात व्हेंटिलेशन. आणि ते चालायचंही, कारण घरात लाकूड, कापूस असं सामान असायचं, आग सावकाश वाढायची. म्हणजे हाताशी वेळ असायचा.

आता येऊ 28 मार्च 1994 वर. न्यूयॉर्क, मॅनहॅटन, 62 वॉट्स स्ट्रीट. तीन मजली जुनी इमारत. तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी कचऱ्याची प्लास्टिक पिशवी गॅसच्या शेगडीवर ठेवून बाहेर गेलं. पिशवी पेटली. पण ऊर्जा वाचवण्यासाठी तो फ्लॅट असा काही हवाबंद केला होता, की थोड्याच वेळात आतली हवा संपली. आग विझली नाही, दबली. जवळपास तासभर ती धुमसत राहिली.

चूल पाहिलीय ना? राखेखाली निखारे असतात, फुंकणी मारली की भप्पकन जाळ येतो. इथे निखाऱ्यांऐवजी खोलीभर तापलेला, जळण्याजोगा धूर होता. आणि फुंकणी कुठली? तर फ्लॅटचं दार. जवानांनी शिरस्त्याप्रमाणे जिन्यावरचं छपराचं झाकण उघडलं आणि खाली तळमजल्याचं दार फोडलं. हवा आत शिरली, धूर पेटला आणि जिन्याचं धुराडं झालं. तळमजल्यावरची तुकडी खाली वाकून निसटली. वरच्या मजल्यावर जिन्यात तिघं होते. एक त्याच रात्री गेला, दुसरा दुसऱ्या दिवशी, आणि त्यांचा कॅप्टन 40 दिवस झुंजून. याला बॅकड्राफ्ट म्हणतात.

नंतर अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी संशोधन संस्थेतल्या रिचर्ड बुकोव्स्की यांनी ही आग कॉम्प्युटरवर पुन्हा पेटवून पाहिली. जिन्यातला जाळ 6 मिनिटांहून जास्त टिकला होता. एका छोट्या फ्लॅटमधून इतका वेळ जाळ कसा येईल, हा सगळ्यांना पडलेला प्रश्न. मॉडेलनं दाखवलं की साठलेला न जळालेला धूर तेवढा होता.

पुढचा धक्का 2010 च्या सुमाराचा. स्टीव्ह कर्बर आणि 'यूएल' या संस्थेनं दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवल्या. एकीत जुन्या पद्धतीचं फर्निचर, दुसरीत आजचं, म्हणजे फोमचा सोफा, सिंथेटिक पडदे वगैरे. जुनी खोली पूर्ण पेटायला जवळपास अर्धा तास लागला. नवी? 4 मिनिटांच्या आत. फोम इतकी हवा खातो की बंद घरात आग बंब पोचण्याआधीच गुदमरलेली असते. तेव्हा नुसतं पुढचं दार उघडलं, तर एकमजली घर साधारण 100 सेकंदांत भडकतं, दुमजली 200 सेकंदांत.

2012 मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलानंच गव्हर्नर्स आयलंडवरची सुमारे 20 रिकामी घरं जाळून हे तपासलं. निष्कर्ष काय? उघडायचं, पण पाण्याचा पाईप भरून तयार असताना, ठरवून, एकमेकांशी बोलून. तोवर दार धरून ठेवायचं. थोडक्यात, 24 वर्षांचा ब्रेडवूड बरोबर होता!

पण मग कायम बंदच ठेवायचं का? नाही. 9 डिसेंबर 2011, कोलकात्याचं एएमआरआय हॉस्पिटल. आग तळघरात, पण धूर एसीच्या वाटांनी वर चढला. काचेनं बंद केलेल्या इमारतीतून तो बाहेर पडेना. 90 हून जास्त माणसं गेली, बहुतेक गुदमरून. जवानांना बाहेरून काचा फोडाव्या लागल्या. आपल्याकडे, मुंबई-पुण्यातही, अशा काचेच्या इमारती रोज उभ्या राहतायत. म्हणून मला वाटतं, धुराला वाट कुठून द्यायची हे आग लागल्यावर नाही, नकाशा काढतानाच ठरायला हवं.

आणि तुमच्या-माझ्या हातात काय आहे? घरात आग लागली तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मागे दार ओढून घ्या. कुलूप लावू नका, जवानांना आत जायचं असतं. जिना वापरा, लिफ्ट नाही. 101 ला फोन करा. पाहायला म्हणून दार परत उघडू नका. आणि रात्री झोपताना बेडरूमचं दार लावून झोपा. ते साधं दार धूर आणि उष्णता काही मिनिटं तरी अडवतं, आणि आज आग ज्या वेगानं वाढते, त्यात काही मिनिटं खूप असतात.

हा भाग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!