गोल्डफुस, गेओर्ग आउगुस्ट

(१८ एप्रिल १७८२ – २ ऑक्टोबर १८४८). जर्मन निसर्गवैज्ञानिक आणि पुराजीववैज्ञानिक. जर्मनीतील जीवाश्मांचे पद्धतशीर व सचित्र वर्णन करणारा पहिला मोठा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. त्यांचा जन्म बायरॉइटजवळील थुर्नाऊ येथे झाला. १८०४ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर ते तेथेच शिकवू लागले.

एर्लांगेनपासून जवळच असलेल्या मुगेनडॉर्फच्या चुनखडीच्या गुहा प्राण्यांच्या हाडांसाठी आधीपासूनच प्रसिद्ध होत्या. गुहा-अस्वलाला शास्त्रीय नाव मिळाले ते याच प्रदेशातील अवशेषांवरून. गोल्डफुस यांनी १८१० मध्ये या परिसराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेथील एका कवटीवरून गुहा-सिंहाची वेगळी जाती निश्चित केली. हिमयुगात युरोपभर वावरणाऱ्या या नामशेष सिंहाचे ‘स्पेलिया’ हे जातिनाम आजही त्यांचेच आहे. १८२३ मध्ये त्यांनी गुहा-तरसालाही नाव दिले. १८१७ मध्ये गुस्ताव बिशोफ यांच्यासह त्यांनी फिख्टेल पर्वतप्रदेशाचे सविस्तर वर्णन लिहिले.

प्राणिविज्ञानातील त्यांचे कामही मोलाचे आहे. ऑस्ट्रेलियातील कोआला या शिशुधान प्राण्याचे ‘सिनेरियस’ हे जातिनाम त्यांनी १८१७ मध्ये दिले. पुढच्याच वर्षी ‘प्रोटोझोआ’ (आदिजीव) ही संज्ञा त्यांनी रूढ केली. त्यांच्या मांडणीत या गटात एकपेशीय जीवांबरोबर काही बहुपेशीय साधे प्राणीही होते. तो फक्त एकपेशीय जीवांपुरता मर्यादित करण्याचे काम नंतर कार्ल फॉन झीबोल्ट यांनी केले.

१८१८ मध्ये प्रशियाने बॉन येथे नवे विद्यापीठ स्थापन केले. तेथे गोल्डफुस प्राणिविज्ञान व खनिजविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. पोपल्सडॉर्फच्या राजवाड्यातील निसर्गविज्ञानाचा संग्रह त्यांनी वाढविला. जवळच्या आयफेल डोंगराळ भागातील डेव्होनियन काळाचे खडक समुद्री जीवाश्मांनी भरलेले असल्याने संशोधनाला सामग्रीची वाण नव्हती.

याच काळात ‘पेट्रेफाक्टा जर्मानिए’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ आकाराला आला. बायरॉइटचे काउंट गेओर्ग त्सू म्यून्स्टर यांच्याकडे जीवाश्मांचा प्रचंड खाजगी संग्रह होता. त्या संग्रहाच्या व बॉन येथील नमुन्यांच्या आधारे १८२६ ते १८४४ या काळात हा ग्रंथ भागाभागाने निघाला. त्यात शिलामुद्रणाने छापलेले मोठ्या आकाराचे २०० चित्रफलक आहेत. स्पंज, प्रवाळ, समुद्रकुमुदिनी, सागरी अर्चिन आणि मृदुकाय प्राण्यांचा काही भाग एवढेच त्यात येऊ शकले. अमोनाइट राहून गेले आणि १८४४ मध्ये, म्यून्स्टर यांच्या निधनाच्या वर्षी, ग्रंथ थांबला. तरीही त्यातील चित्रांची अचूकता अशी आहे की, नमुना हाती नसतानाही जाती ओळखता येते. ग्रंथ टिकला तो यामुळेच. आयफेलमधील गेरोलश्टाइन येथील नमुन्यांवरून त्यांनी १८२६ मध्ये वर्णिलेला ‘स्ट्रोमॅटोपोरा’ हा जीव पुढे दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. आता तो स्पंजांमध्ये गणला जातो.

झोल्नहोफेन परिसरातील जुरासिक काळाच्या चुनखडीत सापडलेल्या एका उडणाऱ्या सरीसृपाचे (टेरोसॉरचे) वर्णन त्यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध केले. आज ‘स्कॅफोग्नॅथस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्राण्याच्या दगडी ठशात त्यांना केसांसारख्या आवरणाच्या बारीक खुणा दिसल्या. तो प्राणी जिवंतपणी कसा दिसत असेल, याचे चित्रही त्यांनी दिले. पुढच्या अनेक अभ्यासकांनी या खुणांवर अविश्वास दाखविला. १९७१ मध्ये कझाकस्तानातून केसाळ टेरोसॉरचे वर्णन झाल्यावर ती कल्पना पुन्हा विचारात घेतली गेली. मूळ नमुन्याची अतिनील प्रकाशात व बदलत्या प्रकाशदिशांच्या छायाचित्रणाने तपासणी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने गोल्डफुस यांचे निरीक्षण खरे ठरविले. भिंगाच्या जोरावर केलेल्या निरीक्षणाला जवळपास दोन शतकांनी मिळालेली ही मान्यता पुराजीवविज्ञानाच्या इतिहासात दुर्मिळ आहे. जुरासिक समुद्रकिनाऱ्यावरील जीवसृष्टीचे एक मोठे दृश्यही त्यांनी बॉनचे चित्रकार ख्रिस्तियान होहे यांच्याकडून काढून घेतले होते. इंग्लंडमध्ये हेन्री डी ला बीच यांनी नुकतेच काढलेले अशाच प्रकारचे चित्र त्यामागे प्रेरणा म्हणून होते.

अखेरच्या वर्षांत त्यांचे लक्ष पुन्हा पृष्ठवंशी प्राण्यांकडे वळले. वीडचे राजपुत्र माक्सिमिलियान यांनी अमेरिकेच्या प्रवासाहून आणलेल्या मिसूरी नदीकाठच्या समुद्री सरीसृपाच्या, म्हणजे मोसासॉरच्या, कवटीचे वर्णन त्यांनी १८४५ मध्ये केले. त्याच सांगाड्याच्या मुस्कटाचा तुकडा आधीच वेगळा होऊन रिचर्ड हार्लन यांनी १८३४ मध्ये वर्णिला होता. दोन्ही तुकडे एकाच प्राण्याचे असल्याचे एकविसाव्या शतकात दाखविण्यात आले. हार्लन यांनी दिलेले नाव आधीचे असल्याने तेच वैध राहिले. शरीररचनेचे सविस्तर वर्णन मात्र गोल्डफुस यांचे. १८४७ मध्ये त्यांनी जर्मनीतील लेबाख येथील ‘आर्केगोसॉरस’ या प्राचीन उभयचर प्राण्याला नाव दिले.

पोपल्सडॉर्फ येथे त्यांचे निधन झाले. बॉन विद्यापीठाच्या पुराजीव संग्रहालयास गोल्डफुस यांचे नाव देण्यात आले असून, ‘स्कॅफोग्नॅथस’चा मूळ नमुना व मिसूरीच्या मोसासॉरची कवटी तेथे जतन केलेली आहे.