एपिसोड २३ : महाग काच, स्वस्त काच आणि आजोबांचा फेड

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. अडखळले ते गाळलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.

तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात ०.५ लिहिलेलं बटण असतं ना? ते दाबलं की अख्खी खोली फोटोत मावते. मी गेल्या वर्षी अगदी एवढंच करायला दोन महिने आणि बरेच पैसे घालवले. त्या नादात जो इतिहास हाती लागला तो आज सांगते.

झालं असं की आमचा पंचवटीतला वाडा पाडायचा ठरला. मे अखेर किल्ल्या द्यायच्या होत्या. आत्या म्हणाली, "अगं, अण्णांच्या कॅमेऱ्याने घराचे फोटो काढ. अल्बममधले सगळे त्यानेच काढलेत, शेवटचेपण त्यानेच होऊ देत." अण्णा म्हणजे माझे आजोबा. कॅमेरा म्हणजे सोव्हिएत बनावटीचा फेड-३. फोनने मी आधीच दोनशे फोटो काढले होते, पण आत्याला ते चालणार नव्हते. आणि खरं सांगू, मलाही नाही.

अडचण लेन्सची. फेडवर ५५ एमएमची लेन्स होती. आमच्या माजघरात पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकलं तरी फोटोत एक फडताळ आणि अर्धं दार. वाइड अँगल लेन्स हवी, म्हणजे निदान ३५ एमएम.

शोधायला लागले. नवी लायका ३५ एमएम तीन लाखांच्या वर. तो विषय तिथेच संपला. जपानमध्ये बनलेली फोख्टलेंडर, सेकंडहँड, साधारण चाळीस हजार. आणि सोव्हिएत ज्युपिटर-१२, नऊ हजार. माझ्याकडे पंचेचाळीस हजार होते, पण ते लॅपटॉपचे. हा पॉडकास्ट ज्या लॅपटॉपवर एडिट होतो तो मध्येच बंद पडतो, हे तुम्हाला एपिसोड १९ वरून कळलंच असेल.

मग नऊ हजार आणि तीन लाख यांच्यात नेमकं काय असतं? हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांसमोर आला. ऑस्कर बार्नाकने बनवलेला, सिनेमाच्या फिल्मवर चालणारा, खिशात मावणारा. १९३० मध्ये त्याची लेन्स बदलता यायला लागली आणि ३५ एमएमची एल्मार आली. १९३२ मध्ये लायकाला जोडलेला रेंजफाइंडर मिळाला आणि त्याच वर्षी झाइस इकॉनने कॉन्टॅक्स काढून थेट टक्कर दिली.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधून बघतच नाही. वर वेगळी खिडकी असते. त्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकावर एक आल्या की फोकस झाला. म्हणजे एसएलआरसारखा आत आरसा लागत नाही. आरसा नाही म्हणजे लेन्सच्या मागे जागा मोकळी, आणि वाइड अँगल बनवणाऱ्याला हीच जागा हवी असते. मागची काच पार फिल्मच्या तोंडाशी नेऊन ठेवता येते. एसएलआरवाल्यांना ती सोय नव्हती. आरशाला जागा सोडून वाइड अँगल कशी करायची, यासाठी १९५० मध्ये फ्रान्सच्या आंजेन्यूला उलट्या टेलिफोटोसारखी रचना आणावी लागली.

झाइसकडे लुडविग बेर्टेले नावाचा माणूस होता. त्याने १९३०च्या दशकात कॉन्टॅक्ससाठी ३५ एमएम एफ २.८ बायोगॉन आखली. तिची मागची काच इतकी मोठी आणि इतकी आत जाणारी की युद्धानंतर आलेल्या नव्या कॉन्टॅक्समध्ये ती बसेना, झाइसला त्या कॅमेऱ्यासाठी बायोगॉन पुन्हा आखावी लागली. त्या काळातली ही एकदम वरच्या दर्जाची, महागडी लेन्स.

मग १९४५. ड्रेस्डेन बेचिराख झालं. पूर्व जर्मनीचा भाग सोव्हिएत ताब्यात गेला. कॉन्टॅक्स बनवायची यंत्रं, साचे, आराखडे युद्धाची भरपाई म्हणून रेल्वेने कीव्हला गेले आणि तिथे कॉन्टॅक्सच 'कीव्ह' नावाने बनायला लागला, तो थेट १९८०च्या दशकापर्यंत. बायोगॉनचं झालं ज्युपिटर-१२. कीव्हसाठी एक माउंट, आणि झोर्की-फेडसाठी लायकासारखा ३९ एमएमचा आट्यांचा माउंट.

माझ्या नऊ हजारांच्या लेन्सचं खानदान हे असं. एके काळची महागडी जर्मन लेन्स, दुसऱ्या देशात, दुसऱ्या नावाने, हजारोंनी बनवलेली.

(फेडचं नावही भारी आहे. फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक, त्याची आद्याक्षरं. खारकिव्हमध्ये त्याच्या नावाने अनाथ मुलांचं कम्यून होतं. १९३४ पासून तिथली मुलं लायकाची नक्कल बनवायची. त्यावर वेगळा एपिसोड करू.)

महाग-स्वस्तची ही रेघ पुढेही सरकतच राहिली. १९५० चा टोकिओ घ्या. 'लाइफ' मासिकाचा डेव्हिड डग्लस डंकन तिथे होता. जुन मिकी या तरुण जपानी फोटोग्राफरने निक्कोर ८५ एमएमने त्याचा फोटो काढला. प्रिंट बघून डंकन चकित झाला आणि सरळ निप्पॉन कोगाकुच्या कारखान्यात गेला. युद्धात नौदलासाठी दुर्बिणी बनवणारी ही कंपनी, म्हणजे आजची निकॉन. तिथे त्याने स्वतःच्या जर्मन लेन्सशी तुलना करून पाहिली आणि निक्कोर घेतल्या. लगेच जूनमध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. ते त्याने लायकावर जपानी लेन्स लावून टिपलं. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये जपानी लेन्सबद्दल लेख आला. तोवर अमेरिकेत 'मेड इन जपान' म्हणजे स्वस्त माल.

आणि मग माझी लाडकी गोष्ट, कोसिना. नागानो प्रांतातली ही कंपनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावाने कॅमेरे बनवत होती. निकॉनचा एफएम १० त्यांचाच. १९९९ मध्ये सगळं जग डिजिटलकडे धावत असताना या लोकांनी फिल्मवर चालणारा, आट्यांच्या माउंटचा नवा कॅमेरा काढला! १७५६ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेल्या फोख्टलेंडरचं नाव परवान्यावर घेतलं, आणि कॅमेऱ्यासोबत आणल्या दोन वाइड अँगल लेन्स, २५ आणि १५ एमएम. १५! त्याआधी लायकावर १५ एमएम म्हणजे झाइसची होलोगॉन. अॅपर्चर एफ ८ वर कायमचं अडकलेलं, कडा काळवंडतात म्हणून वेगळा फिल्टर, संख्येने मोजक्या, किंमत विचारायची सोय नाही. कोसिनाची १५ एमएम नोकरदार माणसाला घेता आली.

ती स्वस्त कशी पडली? २५ आणि १५ एमएम दोन्ही रेंजफाइंडरला जोडलेल्याच नव्हत्या. अंतर डोळ्याने मोजा आणि आकडा लावा. इथेच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं.

लेन्सच्या मागे एक पितळी कडं असतं. फोकस फिरवला की ते कॅमेऱ्यातल्या छोट्या दांडीला ढकलतं आणि त्यावरून खिडकीतल्या प्रतिमा सरकतात. ही दांडी साधारण ५० एमएमच्या हिशेबाने बसवलेली असते. ३५ एमएमची लेन्स फोकस करताना त्याहून कमी सरकते, तरी कड्याने मात्र दांडीला ५० एमएमइतकंच ढकलायचं असतं. म्हणजे एकाच नळकांड्यात दोन वेगळ्या चाली. हे पितळकाम नेमकं करणं, प्रत्येक नग तपासणं, बिघडलेला बाजूला काढणं, यात पैसा जातो. बाकीचा जातो कडेपर्यंतच्या स्पष्टपणात आणि एफ २, एफ १.४ वर काम करायच्या ताकदीत. डिजिटलमध्ये तर कडेला तिरका येणारा प्रकाश सेन्सरला झेपत नाही, रंग बदलतो. म्हणून कोसिनालाही २०१५ मध्ये १५ एमएम नव्याने, आकाराने मोठी बनवावी लागली. फिल्मवाल्यांना ती चिंता नाही.

गणित केलं. ३५ एमएम एफ २.८ वर दीड मीटरला फोकस केलं तर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम तीस सेंटिमीटरचा. पितळ जरा चुकलं तर फोटो गेला. पण एफ ८ वर तीन मीटरला लावलं तर साधारण दोन ते सात मीटर सगळं स्पष्ट. आमचं माजघर त्यात बसतं. भिंती पळून जाणार नाहीत, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर एक सेकंद. मग एफ १.४ चे पैसे कशाला?

ज्युपिटर घेतली. शिवाय अडीच हजारांचा वेगळा व्ह्यूफाइंडर, कारण फेडच्या खिडकीत ३५ एमएमची चौकट दिसतच नाही. हा खर्च कुणी आधी सांगत नाही, मी सांगतेय.

पहिला रोल मऊ आला. छत्तीसच्या छत्तीस. विकणाऱ्याने "सर्व्हिस केलेली" म्हटलं होतं. मी ती घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी फेडचं मागचं झाकण काढलं, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला, शटर उघडं धरलं आणि मला समोरच्या बोर्डाकडे बघायला लावलं. कागदावर उलटी पाटी, धूसर. "पोरी, कुणीतरी उघडून बसवलीय आणि आतली पातळ चकती विसरलंय," काका म्हणाले. त्यांनी एक चकती कापून बसवली. सहाशे रुपये. पाटी लख्ख.

आता तुम्ही म्हणाल, महाग घेतली असती तर हे झालं नसतं. बरोबर. दहा दिवस गेले माझे, आणि मे संपत आला होता.

दुसरा रोल छान आला. माजघर, फडताळ, देवघराचं दार, वरची तुळई, सगळं एका चौकटीत. प्रिंट घेऊन आत्याकडे गेले. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "जातं कुठंय गं?"

जातं होतं. डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, जिथे ज्युपिटर एफ ८ वरही मऊ पडते. माहीत असेल त्यालाच तो दगड जात्यासारखा दिसला असता. तीन लाखांच्या लेन्सने ते स्वच्छ आलं असतं, यात मला शंका नाही.

किल्ल्या द्यायला तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला घेऊनच वाड्यात गेले, ट्रायपॉड डावीकडे वळवला आणि जातं मधोमध घेतलं. आत्या म्हणाली, थांब, आणि पदराने त्यावरची धूळ पुसली.