सुरकुती आणि सुई : एक धावता इतिहास

वय झाले की कातडी सैल पडते, गाल उतरतात, हनुवटीखाली लोंब येते. हा सृष्टीचा नियम आहे आणि तो राणीला व मोलकरणीला सारखाच लागू आहे. तथापि या नियमाशी झगडण्याची माणसाची हौसही तितकीच जुनी आहे. आज आपल्या सोलापुरातही चेहऱ्यावर बारीक सुया टोचून कातडी घट्ट करण्याच्या उपचाराविषयी भगिनीवर्गात बोलणे चालते. त्याला मायक्रोनीडलिंग म्हणतात. ही विद्या आली कोठून, तिच्यात सत्य किती आणि धोका किती, हे आपण सर्वांनी जाणून घेणे इष्ट आहे.

या इतिहासाचे पहिले पान आपल्याच देशात उघडते. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी वळवून तुटलेले नाक घडविण्याची रीत सांगितली आहे. ही विद्या ग्रंथातच राहिली नाही. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्याजवळ घडलेली एक हकीकत प्रसिद्ध झाली. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा बैलगाडीवाला १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे विटा घडविणाऱ्या जातीतील एका माणसाने मेणाचा साचा करून, कपाळाच्या कातडीवर त्याची आकृती काढून, ती कातडी भुवयांच्या मध्ये जोडलेलीच ठेवून खाली वळविली आणि नवे नाक बसविले. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले. ज्याच्या हातून हे घडले त्याची जात त्या पत्रात आहे, नाव मात्र नाही! ती हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ साली तीच क्रिया करून पाहिली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातील अर्वाचीन प्लॅस्टिक सर्जरीला येथून चालना मिळाली.

कापलेले नाक जोडणे वेगळे आणि उतरलेले गाल वर ओढणे वेगळे. हे दुसरे काम विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत सुरू झाले. १९०१ साली आपण एका कुलीन स्त्रीच्या कानाजवळील कातडीची पट्टी काढून गाल ताणले, असे बर्लिनच्या ऑयगेन होलेंडर या डॉक्टराने पुढे नमूद केले. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनीने सुरू केलेली पॅराफिन टोचण्याची टूमही पसरली. वितळलेले मेण कातडीखाली सोडले की सुरकुती भरून निघे, पण काही वर्षांनी तेच मेण सरके, गाठी होत, जखमा चिघळत. अनेक सुंदर चेहरे कायमचे विद्रूप झाल्यावर ही टूम मागे पडली. उपाय नवा असताना त्याचे गुणच दिसतात, दोष दिसायला वर्षे जावी लागतात, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

या क्षेत्रात एका स्त्रीचे नाव आपण आवर्जून स्मरले पाहिजे. फ्रान्समधील डॉ. सुझान नोएल (१८७८–१९५४) यांनी पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर उपचार केले. पुढे त्यांनी चेहऱ्याची कातडी ताणण्याच्या शस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळविले आणि १९२६ साली तीवर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या नावातच या शस्त्रक्रियेचे 'सामाजिक कार्य' असे शब्द आहेत. ते का? त्यांच्याकडे येणाऱ्या कित्येक स्त्रिया पोटासाठी नोकरी करणाऱ्या होत्या. चेहऱ्यावर वय दिसू लागले की मालक त्यांना कामावरून कमी करीत. चेहरा हा त्यांचा अन्नाचा प्रश्न होता. त्याच नोएलबाईंनी १९२४ साली पॅरिसमध्ये उद्योगी स्त्रियांचा सोरॉप्टिमिस्ट क्लब स्थापन केला, युरोपात त्याच्या शाखा काढल्या आणि स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी त्या झटल्या. फ्रान्समध्ये तो हक्क १९४४ साली मिळाला. सुरकुती काढणारी हीच स्त्री, सुरकुतीमुळे स्त्रीची किंमत उतरविणाऱ्या समाजाशीही भांडत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणही याच जातीचे आहे. डॉ. नोशीर अँटिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात कुष्ठरोग्यांवर प्लॅस्टिक सर्जरी केली. कुष्ठरोग बरा झाला तरी फुगलेली कातडी ओसरून सैल पडते, तरुण माणूस म्हातारा दिसतो, आणि तो चेहरा पाहून लोक त्याला पुन्हा दूर लोटतात. अशा रोग्याची कातडी ताणणे ही चैन नव्हे, त्याला माणसात परत आणणे होय. डॉ. अँटियांना १९९० साली पद्मश्री मिळाली.

आता सुईकडे वळू. सुई आणि कातडी यांचे नाते आपल्या बायकांना नवे नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर व हातांवर गोंदण असे. सुया एकत्र बांधून, काजळीत बुडवून ते टोचले जाई. नवल असे की आजचा उपचारही गोंदण्याच्या यंत्रातूनच निघाला. कॅनडातील कामिरां व दूसे हे पांढरे पडलेले व्रण कातडीच्या रंगाने गोंदत असत. कालांतराने रंग फिका पडला, पण व्रण मात्र सुधारलेले आढळले. मग त्यांनी रंगाविनाच सुया टोचून पाहिल्या व १९९७ साली ते प्रसिद्ध केले. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनचे डॉ. डेस्मंड फर्नांडिस यांनी याच तत्त्वावर बारीक सुयांचा रूळ प्रचारात आणला.

यामागील कारण सोपे आहे. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन नावाचे तंतू असतात. त्यांच्यामुळे ती घट्ट राहते. वयाबरोबर ते कमी होतात. पाळी बंद झाल्यावर पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के कमी होतात, असे अभ्यासात आढळले आहे. अर्धा ते अडीच मिलिमीटर लांबीच्या सुयांनी असंख्य सूक्ष्म जखमा केल्या की शरीर त्या भरून काढण्यासाठी नवे कोलॅजन तयार करते. म्हणून फळ दिसायला महिने लागतात आणि साधारण महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. मुरुमांचे खड्डे व बारीक सुरकुत्या यांवर याचा उपयोग होतो. लोंबणारी जादा कातडी मात्र सुईने नाहीशी होत नाही. कोणी तसे आश्वासन देईल तर ते खरे मानू नये.

धोक्यांचेही बोलले पाहिजे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका सौंदर्यकेंद्रात रक्त काढून ते सुयांनी चेहऱ्यात टोचण्याचा उपचार चाले. तेथील स्त्रियांना एड्सच्या विषाणूची लागण झाल्याचे २०१८ पासून उघडकीस आले व २०२४ साली त्यावर सरकारी अहवाल निघाला. दुसऱ्यावर वापरलेली सुई कधीही आपल्या अंगाला लागू देऊ नये. आपली सावळी कातडी दुखावली की काळे डाग पडण्याचा संभव अधिक. त्यात सोलापूरचे ऊन चाळीस अंशांपलीकडे जाणारे. उपचारानंतर काही दिवस उन्हापासून जपणे भाग आहे. व्रण उंच वाढण्याची खोड, चेहऱ्यावर पिकलेले मुरूम, रक्त पातळ करणारी औषधे, गरोदरपण यांपैकी काही असल्यास आधी त्वचारोगतज्ज्ञाला सांगावे. घरी रूळ आणून स्वतःच फिरविणे टाळावे.

शेवटी एक विनंती. आपल्या सोलापुरात विड्या वळून संसार उभे करणाऱ्या हजारो भगिनी आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरील रेषा कष्टाने व उन्हाने वेळेआधीच उमटलेल्या असतात. त्यांना सुयांपूर्वी सावली, सकस अन्न, विश्रांती आणि कामाचे रास्त दाम हवे. ज्या भगिनीला हौसेने उपचार घ्यावासा वाटेल, तिने जरूर घ्यावा, तिला कोणी हसू नये. पण तो योग्य डॉक्टराकडून आणि पूर्ण माहितीनिशी घ्यावा. आणि जिला आपल्या सुरकुत्या तशाच राहू द्याव्याशा वाटतील, तिला लग्नकार्यात, कचेरीत वा सभेत कोणी मागच्या रांगेत बसवू नये. ते पाहण्याचे काम आपल्यासारख्या मंडळांचे आहे.