हजेरीपट आणि घरातली चूल: 'लर्नफेअर' योजनेचा इतिहास

१/
शाळा बुडवणाऱ्या मुलाची शिक्षा कोणाला द्यावी? मुलाला, पालकांना की साऱ्या घराला? १९८८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने यांपैकी तिसरे उत्तर निवडले. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबातील किशोरवयीन मूल शाळेत गैरहजर राहिले, तर त्याच्या वाट्याची रक्कम कापायची, असा हा नियम होता. योजनेचे नाव 'लर्नफेअर'. या धाग्यात तिची कथा पाहू.

२/
प्रथम पार्श्वभूमी. महामंदीच्या काळात, १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने अमेरिकेत निराधार मुलांच्या कुटुंबांना रोख मदत सुरू झाली. तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने विधवा माता होत्या. पन्नास वर्षांनी ते चित्र पालटले. रेगन यांच्या कारकिर्दीत 'वेल्फेअर' हा शब्दच अनेकांच्या तोंडी हेटाळणीचा झाला होता.

३/
अशा वातावरणात १९८७ मध्ये टॉमी थॉम्पसन विस्कॉन्सिनचे गव्हर्नर झाले. शिक्षणाविना दारिद्र्याची साखळी तुटत नाही आणि जो समाज मदत देतो, त्याने मुलांच्या हजेरीची अपेक्षा ठेवणे गैर नाही, अशी या योजनेमागची भूमिका होती. ती उथळ म्हणून झटकून टाकता येत नाही. मदतीचे नियम केंद्र सरकारचे असल्याने राज्याने त्यातून विशेष सवलत मिळवली आणि योजना सुरू झाली.

४/
नियम १३ ते १९ वयोगटाला लागू होता. सत्रभरात विनापरवानगी गैरहजेरी ठराविक मर्यादेपलीकडे गेली की त्या मुलाची दरमहा तपासणी सुरू होई. त्यानंतरही दिवस बुडाले की कपात. तीन माणसांच्या कुटुंबाला महिन्याला ५१७ डॉलर मिळत आणि दोघांच्या कुटुंबाला ४४०. म्हणजे एका मुलाच्या गैरहजेरीपायी ७७ डॉलर जात. ही झळ धाकट्या भावंडांच्या ताटापर्यंत पोहोचे.

५/
आता या योजनेतील सर्वांत दुर्लक्षित पात्राकडे वळू. ते पात्र म्हणजे हजेरीपट. शिक्षकाने घाईत मारलेली खूण, उशिरा पोहोचलेली आजारपणाची चिठ्ठी, शाळा बदललेल्या मुलाचे जुन्या पटावर राहून गेलेले नाव. एरवी अशा चुकांनी कोणाचे फारसे बिघडत नाही. पण त्याच पटावरून घरातील पैसा ठरू लागला की प्रत्येक चुकीची किंमत कोणीतरी मोजतो.

६/
मिलवॉकी हे राज्यातील सर्वांत मोठे शहर. तेथील नोंदींतील गोंधळ इतका गंभीर होता की प्रकरण संघीय न्यायालयात गेले आणि १९९० मध्ये न्यायालयाने शहरातील कपातीला स्थगिती दिली. ज्या कुटुंबांनी अपील केले, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत निर्णय फिरवावा लागला. पण अपील करण्यासाठी नोटीस समजावी लागते, मुदत पाळावी लागते, कार्यालयात खेटे घालावे लागतात. ज्यांना हे जमले नाही, त्यांची रक्कम गेली ती गेलीच.

७/
दुसरा प्रश्न कारणांचा. पालक निष्काळजी आहेत आणि खिशाला चाट बसली की ते मुलाला शाळेत धाडतील, हे योजनेचे गृहीतक होते. प्रत्यक्षात दंड झालेल्यांपैकी अनेकांची नावे बाल न्यायालयाच्या किंवा बालसंरक्षण विभागाच्या दप्तरी आधीच होती. पंधरा-सोळा वर्षांच्या, घराशी नाते तुटत चाललेल्या मुलावर आईचा धाक किती चालणार? कपातीने तो धाक वाढला नाही. घरातील भांडणाला आणखी एक कारण मात्र मिळाले.

८/
मग हजेरी वाढली का? १९९२ मध्ये मिलवॉकीतील विद्यापीठाच्या अभ्यासाला सुधारणेचा पुरावा सापडला नाही. पुढे राज्याच्याच लेखापरीक्षण विभागाने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कुटुंबांचे दोन गट पाडले. एका गटाला नियम लागू केला, दुसऱ्याला नाही. १९९७ च्या त्यांच्या अंतिम अहवालातही दोन्ही गटांच्या हजेरीत लक्षणीय फरक दिसला नाही.

९/
याच काळात ओहायो राज्याने वेगळी वाट धरली. १९८९ मध्ये तेथे मदतीवर असलेल्या, शिक्षण अपुरे राहिलेल्या किशोरवयीन मातांसाठी 'लीप' ही योजना आली. दंड तिच्यातही होता, दरमहा ६२ डॉलर. पण नियमित हजेरीसाठी तितकेच बक्षीसही होते. शिवाय प्रत्येकीमागे एक कार्यकर्ती, मूल सांभाळण्याची सोय आणि प्रवासासाठी साहाय्य. येथे पटनोंदणी आणि हजेरी दोन्ही वाढल्या. मात्र ज्यांनी शाळा आधीच सोडली होती, त्यांच्यापेक्षा शाळेत टिकून असलेल्या मुलींना अधिक लाभ झाला.

१०/
असे असूनही १९९६ च्या केंद्रीय कल्याण कायद्याने मुलांच्या गैरहजेरीवरून मदत कापण्याची मुभा सर्व राज्यांना दिली. पुरावा एकीकडे आणि कायदा दुसरीकडे, असे इतिहासात अनेकदा घडते. दंडाची भाषा मतदाराला चटकन कळते. कार्यकर्तीचा पगार आणि पाळणाघराचा खर्च समजावून सांगणे कठीण असते.

११/
आपल्याकडे हे दोन्ही मार्ग वापरले गेले आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. पण तो केवळ गरिबांसाठी नव्हता आणि शिक्षण मोफत करण्यासोबत आला होता. १९९२ पासून महाराष्ट्र शासनाने वंचित समाजातील शाळकरी मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया भत्ता सुरू केला. विचार स्तुत्य होता, पण पुढे कित्येक वर्षे हा रुपया रुपयाच राहिला. महागाईने तो झिजत गेला.

१२/
हजेरीपट हे इतिहासाचे साधन आहे आणि कोणत्याही साधनाप्रमाणे त्याची चिकित्सा करावी लागते. 'गैरहजर' अशी नोंद दिसली की विचारावे: ती कोणी केली, कशासाठी केली आणि त्या दिवशी ते मूल होते तरी कुठे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दप्तरात मिळू शकतात. तिसऱ्यासाठी घरापर्यंत जावे लागते. ओहायोने तेवढ्यासाठी माणूस नेमला होता. विस्कॉन्सिनने मात्र पटावरच विसंबून कपात केली.