बालन्यायाची माणसं कोणी घडवली?

मागच्या व्याख्यानात आपण शिक्षेच्या कल्पनेबद्दल बोललो. आज विषय तोच, पण मुलांच्या संदर्भात, आणि तोही एकाच बाजूने. गुन्हा केलेल्या मुलासाठी वेगळा कायदा हवा हे आपल्याकडे कधी आणि कसं पटलं, याचा इतिहास बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. तो कायदा राबवणारी माणसं कुठून आली, त्यांना कोणी शिकवलं, हा प्रश्न मात्र मागे राहतो. आज तो पुढे घेऊ.

सुरुवात मुंबईच्या डोंगरीतून करू. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली, आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांचं त्यावरचं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. उमरखाडीच्या या तुरुंगाची जागा पुढे मिळाली मुलांच्या रिमांड होमला. म्हणजे कायदा मुलांच्या संगोपनाचा आणि जागा तुरुंगाची! ‘ऐकलं नाहीस तर रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी आपल्याकडे घरोघरी दिली गेली आहे. ही शिक्षा नव्हे, असं कायदा सतत सांगत आला, पण लोकभाषेला ते कधी पटलं नाही.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. १८५० साली अप्रेंटिसेस कायदा आला. पोरक्या किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून द्यायचं, हा त्याचा गाभा. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा उभी राहिली. १८७६ आणि १८९७ चे रिफॉर्मेटरी स्कूल कायदे याच वाटेवरचे. या सगळ्या व्यवस्थेला माणूस लागत होता तो हुन्नर शिकवणारा, सुतारकाम-लोहारकाम जाणणारा मिस्त्री, आणि वर एक शिस्तीचा अधीक्षक. असा माणूस मिळणं अवघड नव्हतं.

अवघड झालं ते १९२० नंतर. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालयं असावीत अशी शिफारस केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. मुंबई शहरात तो प्रत्यक्ष लागू झाला १९२७ साली. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि बालन्यायालयही सुरू झालं.

आता फरक पाहा. नेहमीच्या न्यायालयाचा प्रश्न असतो, ‘याने काय केलं?’ बालन्यायालय आणखी एक प्रश्न विचारतं, ‘हा कोण आहे?’ घरी कोण कमावतं, बाप दारू पितो का, शाळा केव्हा सुटली, आई गिरणीत गेल्यावर हा कुठे असतो. याची उत्तरं मॅजिस्ट्रेटला खुर्चीत बसून मिळत नाहीत. कोणीतरी चाळीचा जिना चढून वर जावं लागतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलावं लागतं आणि परत येऊन नीट लिहावं लागतं. तो माणूस म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, आजच्या सरकारी मराठीत परिवीक्षा अधिकारी. कायद्यामुळे या माणसाची गरज निर्माण झाली. पण ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचे अल्पकालीन वर्ग सोडले, तर असा माणूस तयार करणारी शाळा देशात नव्हती.

हे आपल्याकडेच झालं असं समजू नका. जगातलं पहिलं बालन्यायालय म्हणून ज्याचं नाव घेतात, ते १८९९ साली शिकागोत सुरू झालं. इलिनॉयच्या त्या कायद्यात प्रोबेशन ऑफिसरची तरतूद होती, पण त्याला सरकारी तिजोरीतून पगार देऊ नये असंही त्यातच लिहिलं होतं! मग पैसे कोणी जमवले? जेन अॅडम्स यांच्या हल हाऊसशी जोडलेल्या स्त्रियांनी. पहिल्या प्रोबेशन ऑफिसर अॅल्झिना स्टीव्हन्स या हल हाऊसमध्येच राहणाऱ्या. याच वर्तुळातल्या ज्युलिया लॅथ्रॉप, एडिथ अॅबट, सोफोनिस्बा ब्रेकिनरिज यांनी समाजकार्याच्या शाळेत शिकवलं, न्यायालयात आलेल्या मुलांच्या घरांचा अभ्यास केला, आणि १९२० साली ती शाळा शिकागो विद्यापीठाचा भाग झाली. म्हणजे तिथेही कायदा आधी झाला. माणसं घडवण्याचं काम दुसऱ्यांनी, नंतर, स्वतःच्या खर्चाने केलं.

शिकागोचा हा धागा सरळ मुंबईत येतो. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. नागपाड्याच्या वस्तीत त्यांनी नेबरहूड हाऊस चालवलं, पुष्कळसं हल हाऊसच्या धर्तीवर. समाजकार्याची पदव्युत्तर शाळा काढावी हे त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांना पटवलं, आणि १९३६ साली नागपाड्यातच ती शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मुंबईचा कायदा १९२४ चा आणि शाळा १९३६ ची, म्हणजे मध्ये एक तप गेलं. त्या बारा वर्षांत जी मुलं न्यायालयापुढे आली, त्यांच्याबद्दलचे अहवाल लिहिणाऱ्यांच्या हाती चांगुलपणा असेल, अनुभवही असेल, शिक्षण नव्हतं.

या शाळेत शिकवलं कसं जायचं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. वर्गातल्या तासांइतकाच भर प्रत्यक्ष कामावर होता. विद्यार्थी संस्थांमध्ये जायचे, केस घ्यायचे, आणि ती केस जाणत्या माणसापुढे मांडायचे. १९३७ साली मुलांच्या मानसिक अडचणींसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक निघालं. तेही शिकण्याचंच ठिकाण.

आता थोडं आमच्या मूळ विषयाकडे वळतो, रागावू नका. कांटने ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’मध्ये एक अडचण दाखवून दिली आहे. नियम शिकवता येतो. समोरचं प्रकरण त्या नियमात बसतं की नाही, हे ओळखण्याची शक्ती तशी शिकवता येत नाही. त्यासाठी आणखी एक नियम दिला, तर तो कुठे लावायचा हा प्रश्न उरतोच. म्हणून, कांट म्हणतो, वैद्य, न्यायाधीश किंवा राज्यकर्ता यांच्या डोक्यात उत्तमोत्तम नियम असूनही ते लावताना तो ठेचकाळू शकतो. त्याच्याजवळ उपजत विवेक नसतो म्हणून, किंवा उदाहरणांतून आणि प्रत्यक्ष व्यवहारातून तो तयार झालेला नसतो म्हणून. उदाहरणांना कांटने जो शब्द वापरला आहे, त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: पांगुळगाडा. कांट तो जरा तुच्छतेने वापरतो, ज्याला उपजत शहाणपण नाही त्याला हा गाडा सुटत नाही म्हणून. पण चालायला शिकताना कशाचा तरी आधार प्रत्येकानेच घेतलेला असतो. नागपाड्याच्या शाळेने असा गाडा दोन वर्षं हातात दिला, एवढं तरी म्हणता येईल.

स्वातंत्र्यानंतर, १९५१-५२ मध्ये, ओहायोचे गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून भारतात आले आणि तुरुंग अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा पाया टाटा संस्थेतच घातला गेला. याच रेकलेसनी पुढे कोलंबस शहरात उलटा प्रश्न विचारला: गुन्हेगारीने भरलेल्या वस्तीत राहूनही काही मुलं बिघडत का नाहीत? ‘मी चांगला मुलगा आहे’ ही स्वतःबद्दलची धारणा त्यांना जपते, असं त्यांचं उत्तर. हे खरं मानलं, तर मुलाला ‘तू असाच’ असं बजावणारा हवालदार, अधीक्षक किंवा अधिकारी नकळत गुन्हा वाढवतो. प्रतिबंधाचं प्रशिक्षण इथूनच सुरू व्हायला हवं.

पुढचे कायदे तुम्हाला ठाऊक आहेत. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर एकच कायदा हवा, आणि मुलांची प्रकरणं हाताळायला प्रशिक्षित मॅजिस्ट्रेट हवेत, असं म्हटलं. मग १९८६, २००० आणि २०१५ चे कायदे. २०१५ च्या कायद्यात तर लिहूनच ठेवलं आहे की बाल न्याय मंडळाच्या सदस्यांना नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण द्यावं.

आणि याच कायद्याने मंडळावर एक जड काम टाकलं. १६ ते १८ वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज पाहून, त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालावा का, याचं प्राथमिक मूल्यमापन मंडळाने करायचं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे नाजूक आणि तज्ज्ञतेचं काम आहे, आणि मंडळात बालमानसशास्त्र जाणणारं कोणी नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. कायदा २०१५ चा, त्यावरची मार्गदर्शक तत्त्वं २०२३ ची. नागपाड्याच्या त्या बारा वर्षांची आठवण येते की नाही?

मे २०२४ मध्ये पुण्यात मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन चालकाला जामीन देताना निबंध लिहायला सांगितला गेला. महाराष्ट्र संतापला. तो संताप समजण्यासारखा होता. पण चर्चा बहुतेक एकाच अंगाने झाली, कायदा मऊ आहे की कडक. जामीन देणं हा या कायद्यातला नियमच आहे. आदेश लिहिणाऱ्याने आधी किती केस जाणत्या माणसाजवळ बसून पाहिल्या होत्या, ही चौकशी फारशी ऐकू आली नाही. आमच्या मते दोन दिवसांच्या कार्यशाळेत कलमांची यादी समजते, मुलगा समजत नाही. नव्या सदस्याला पहिले काही महिने अनुभवी मंडळाजवळ बसवावं, त्याने स्वतः निरीक्षणगृहात जावं, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याबरोबर दहा घरांचे जिने चढावेत. याला फार पैसा लागत नाही.

मधल्या काळात टाटा संस्थेच्याच एका प्रकल्पाने निरीक्षणगृहांत आणि मंडळांपाशी मदतकक्ष उघडले. मुलाला, त्याच्या आईबापाला, पुढची तारीख केव्हा, वकील कुठे मिळेल, हे तिथले कार्यकर्ते समजावून सांगतात. १९३६ सारखंच हेही काम शिक्षणसंस्थेकडून आलं.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या.