वही कोणाच्या हातात? सोलापूरच्या टॅली वर्गापासून सुप्याच्या होळीपर्यंत

१/१५
गेल्या उन्हाळ्यात मी सोलापुरात टॅलीचा तीन महिन्यांचा वर्ग केला. इतिहासाच्या एम.ए.ला हिशेबाचे सॉफ्टवेअर कशाला, असे घरच्यांनीही विचारले. कारण पोटापाण्याचेच होते. संध्याकाळी एखाद्या टॉवेल कारखान्याचे हिशेब लिहिले की महिन्याचा खर्च निघतो. परंतु वर्गात तिसऱ्या दिवशी ऐकलेल्या एका गोष्टीने मला थेट १८७५ सालात नेऊन उभे केले. त्या प्रवासाची ही हकीकत.

२/१५
टॅलीतील नोंदीला व्हाउचर म्हणतात. ते काढण्याचे दोन मार्ग आहेत. ऑल्ट आणि एक्स दाबले की व्हाउचर रद्द होते, पण त्याचा क्रमांक जागेवर राहतो. पुढे कोणालाही दिसते की येथे काही होते. ऑल्ट आणि डी दाबले की नोंदच नाहीशी होते. शिक्षक म्हणाले, "ही दुसरी कळ जपून वापरा." वर्गात हशा पिकला. मला मात्र आजीची वही आठवली.

३/१५
माझी आजी विड्या वळायची. किती विड्या दिल्या, किती नापास झाल्या, हे कारकून तिच्या वहीत लिहून देई. आजीला अक्षरओळख नव्हती. मजुरी कमी वाटली की ती शेजारच्या शाळकरी मुलाकडून वही वाचून घेई. पण तिची मोजणी आणि वहीतला आकडा यांत फरक पडला, तर वहीच खरी ठरे. तेव्हापासून कोणताही हिशेब पाहिला की मला तीन प्रश्न पडतात. तो लिहितो कोण? वाचू शकतो कोण? खोडू शकतो कोण?

४/१५
आपल्याकडील जुन्या हिशेबपद्धतीला 'देशी नामा' म्हणतात. लाल कापडाच्या वेष्टनातील लांबट वही. पानावर रेघांऐवजी घड्या, त्यांना 'सळ' हे नाव. रोजचा व्यवहार कीर्दीत लिहायचा, तेथून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. खात्यांच्या बाकी जुळतात का, हे पाहण्यासाठी तेरीज, वर्षअखेरीस ताळेबंद. खात्यात जमेची बाजू डावीकडे, नावेची उजवीकडे. इंग्रजी खातेवहीत याच्या नेमके उलट.

५/१५
ही वही वाचणे सर्वांना साधणारे नव्हते. मराठी जमाखर्च मोडीत, टाक शक्यतो न उचलता, भरभर लिहिला जाई. मारवाडी व गुजराती सावकारांच्या वह्या त्यांच्या महाजनी लिपीत असत. हिशेब जाणणाऱ्याचे वजन केवढे, हे आपल्या आडनावांतही टिकून आहे. 'फडणीस' हा शब्द फारसी 'फर्दनवीस' यावरून आला. फर्द म्हणजे यादी, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. नाना फडणवीसांच्या हाती राज्याची सूत्रे आली, त्यामागे ही लेखणी होती.

६/१५
आता जरा दूर जाऊ. 'टॅली' या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन 'टालिया' म्हणजे कापलेली काठी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये देण्याघेण्याची रक्कम काठीवर खाचा पाडून नोंदवीत. मग काठी उभी चिरून एक भाग धनकोने व दुसरा ऋणकोने ठेवायचा. हिशेबाच्या वेळी दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहायचे. एकाने गुपचूप खाच वाढवली तर ती दुसऱ्या भागाशी जुळणार नाही. निरक्षर माणसाच्या हातीही अर्धा पुरावा राही. १८३४ मध्ये अशा जुन्या काठ्या भट्टीत जाळताना लंडनचे संसदभवनच पेटले, हा इतिहासाचा विनोद.

७/१५
दख्खनच्या शेतकऱ्याच्या हाती असा अर्धा भाग नव्हता. खत लिहिणारा सावकार, वही ठेवणारा सावकार. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू हा की व्याज साचू नये. घडले उलटे. दर तीन वर्षांनी मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे खत होई, त्यावर शेतकऱ्याचा अंगठा उमटे आणि व्याजावर व्याज चढे. खतात काय लिहिले आहे, हे त्याला सावकाराच्या तोंडूनच कळत असे.

८/१५
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या व कर्जखते मागितली. हाती आलेले कागद जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरेही जळाली; पण जमावाचा मुख्य रोख कागदावर होता. ज्याला वही वाचता येत नाही आणि खोडताही येत नाही, त्याच्यापाशी उरलेला उपाय म्हणजे आग.

९/१५
सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आरंभी चार जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपले सोलापूर. न्यायालयाला आता खतावरील आकड्यावर न थांबता मूळ व्यवहारापर्यंत जाता येऊ लागले. भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. पासबुक, मित्रहो! म्हणजे त्या चिरलेल्या काठीचा दुसरा भागच. तरीही प्रश्न राहिलाच. पासबुक हाती आले, ते वाचणार कोण?

१०/१५
याच सुमारास सोलापूर बदलत होते. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिला लोक पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. गिरण्या, हातमाग, यंत्रमाग, चादर, टॉवेल. सुताचा भाव, विणकराची उचल, रंगाईचा खर्च, अडत्याची बाकी, हे सगळे दिवाणजींच्या वहीत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती वही पाटावर मांडली जाई आणि पाडव्याला नवी उघडे.

११/१५
टॅलीचा जन्मही अशाच व्यवहारातून झाला. श्यामसुंदर गोएंका हे कारखान्यांना व कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. धंद्याला मानवेल असे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी ते आपला मुलगा भरत याला करायला सांगितले. १९८६ मध्ये बंगळूरला कंपनी सुरू झाली. प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक देण्याची कटकट टॅलीत नव्हती; वहीत असते तसे खात्याचे नावच लिहायचे. जुन्या दिवाणजींना ती परकी न वाटण्याचे हे एक कारण असावे. २०२० मध्ये भरत गोएंकांना पद्मश्री मिळाली.

१२/१५
कायदाही बदलत गेला. १९८९-९० या कर निर्धारण वर्षापासून आयकरासाठी सर्वांचे वर्ष एप्रिल ते मार्च झाले; दिवाळीची वही पूजेपुरती उरली. २००१ मध्ये आयकर कायद्याने संगणकात साठवलेल्या हिशेबालाही 'हिशेबाची पुस्तके' म्हणून मान्यता दिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आता विक्रेत्याने विवरणपत्रात दाखवलेले बीजक खरेदीदाराच्या पत्रकात उमटते आणि तेथे ते नसेल तर कराची वजावट अडते. कोणत्याही एका पक्षाला एकट्याने आकडा फिरवता येऊ नये, हे काठीचेच तत्त्व पुन्हा आले.

१३/१५
वर्गात आम्ही काय शिकलो? एफ ५ म्हणजे देणे, एफ ६ म्हणजे येणे, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी. नावे आणि जमा समान नसतील तर व्हाउचर स्वीकारलेच जात नाही. पण हा ताळा रकमेचा आहे, सत्याचा नव्हे. कामगाराला ५००० रुपये उचल दिली आणि नोंद ६००० ची केली, तरी दोन्ही बाजू सुरेख जुळतात. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, हा समज वहीच्या काळीही भाबडा होता. १८७२ च्या पुरावा कायद्यानेही सांगून ठेवले होते की केवळ वहीतील नोंदीवरून कोणावर देणे लादता येणार नाही. तिला दुसरा आधार हवा.

१४/१५
एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. खोडाखोडीचा माग आता पुसता येत नाही. मात्र हा नियम कंपन्यांसाठी आहे. एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीतील कारखान्याला तो लागू नाही, आणि सोलापुरात अशा लहान कारखान्यांची वाण नाही. तेथे ऑल्ट आणि डी अजून कोणाच्या तरी बोटाखाली आहे. गेल्या महिन्यापासून ते बोट माझेही आहे.

१५/१५
म्हणून मी एक शिरस्ता पाळते. उचल लिहिली की तिचा खातेउतारा छापून कामगाराच्या हाती देते आणि मराठीत वाचून दाखवते. मालक हसतात, पण अडवत नाहीत. आजीला हे कोणी केले नव्हते.
आणि एक विनंती. घरी लाल वेष्टनातील जुनी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. वाचता येत नसेल तर मोडी जाणणाऱ्याला दाखवा. जुन्या संगणकातील हिशेबाची प्रतही जपून ठेवा, कारण तिला वाळवी लागत नसली तरी ती उघडणारे यंत्र हरवते. तुमच्या घरच्या वहीत सर्वांत जुने खाते कोणाचे आहे? पाहा आणि खाली लिहा.