काळी बिअर आणि एक सुटलेलं कडं

दिवाळी अंकासाठी ‘काळ्या बिअरचा इतिहास’ हा विषय मी सुचवला, तेव्हा बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग एका काकूंनी गंभीरपणे विचारलं, “हा लेख फराळाच्या पाककृतींच्या आधी छापायचा की नंतर?” सांगलीला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “इतकी वर्षं लंडनला राहून हेच लिहायचं सुचलं का रे तुला?” तेव्हा मंडळी, आधीच सांगतो, हा लेख पिण्याचा प्रचार करणारा नाही. न पिणाऱ्यांनीही तो बिनधास्त वाचावा.

सुरुवात झाली ती गेल्या हिवाळ्यात. आम्ही चार मित्र, चौघेही कॉम्प्युटरवाले. बाहेर दुपारी चारलाच अंधार. कुणीतरी म्हणालं, जगभरच्या काळ्या बिअर आणू, चाखू आणि गुण देऊ. आता चार इंजिनिअर जमले की एक्सेल शीट आलीच! रंग, वास, चव आणि घोट गिळल्यावर मागे काय उरतं, असे चार रकाने, प्रत्येकी दहा गुण. बाटल्यांवर पायमोजे चढवले, म्हणजे नाव पाहून कुणी लाडकं-दोडकं करायला नको. सोबतीला चकली आणि शेव.

चव शब्दांत पकडताना मात्र आमची पंचाईत झाली. इंग्रजी पुस्तकांतले शब्द आमच्या जिभेवर बसेनात. शेवटी आपले शब्द आले. एकीला जरा जास्त भाजलेल्या भाकरीचा वास होता, एकीत काकवी, एकीत खजूर, एकीत नुसती चिकोरीवाली कॉफी. कोल्हापूरचा मित्र एका बाटलीला म्हणाला, “ही म्हणजे गुऱ्हाळातली कढई खरवडून काढलीय.” त्याने तिला दहापैकी नऊ दिले.

त्या रात्री मला एक प्रश्न पडला. सहापैकी पाच बाटल्यांवर ‘पोर्टर’ किंवा ‘स्टाउट’ यांपैकी काहीतरी लिहिलेलं होतं. पोर्टर म्हणजे हमाल. बिअरला हमालाचं नाव का?

उत्तर लंडनमध्येच होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला टेम्स नदीवर जगभरची जहाजं लागत. त्यांतला माल उतरवणारे आणि शहरभर पाठीवरून वाहून नेणारे हजारो हमाल इथे होते. त्यांच्या रीतसर संघटना होत्या, बिल्ले होते. दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाला पोटाला आधार देणारं, स्वस्त आणि दमदार पेय हवं असे. लंडनची गडद तपकिरी बिअर त्यांची आवडती, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. सांगलीच्या बाजारात हळदीची पोती पाठीवर घेऊन वाकून चालणारे हमाल मी लहानपणी पाहिलेत. कोपऱ्यावर थांबून चहा घशाखाली ओतायचा आणि पुन्हा पोतं घ्यायचं. त्यामुळे हे नाव मला लगेच पटलं.

एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, की राल्फ हारवूड नावाच्या माणसाने १७२२ साली शोरडिचमध्ये पोर्टरचा ‘शोध’ लावला. गोष्ट छान आहे, पण ती लिहिली गेली बऱ्याच उशिरा, आणि ‘पोर्टर’ हे बिअरचं नाव १७२१ च्या छापील मजकुरातच सापडतं. थोडक्यात काय, तर शोध वगैरे कुणी एकाने लावला नाही. लंडनचे बिअरवाले आपली तपकिरी बिअर सुधारत गेले, ती जास्त दिवस मुरवू लागले आणि पोर्टर तयार झाली.

आणि गंमत म्हणजे ती तेव्हा काळी नव्हतीच! ती तपकिरी माल्टपासून होत असे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, भाजलेलं सातू. १७८४ साली जॉन रिचर्डसन याने द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर पुस्तक लिहिलं. मोजमाप सुरू झालं तसं कारखानदारांच्या लक्षात आलं, की फिकट माल्ट महाग असलं तरी त्यातून उतारा जास्त मिळतो, म्हणजे शेवटी तेच परवडतं. पण फिकट माल्टची बिअर फिकट होणार, आणि गिऱ्हाइकाला तर गडद हवी. मग जळकी साखर आणि नाना पदार्थ घालणं सुरू झालं. १८१६ च्या कायद्याने तेही बंद केलं. १८१७ साली डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट कोळशासारखं काळं भाजण्याचं पेटंट घेतलं. त्याचं चिमूटभर माल्ट घातलं की सबंध बिअर काळी. आज आपण जिला काळी बिअर म्हणतो तिचा रंग असा खर्च वाचवण्यातून आलाय.

तोवर ही हमालांची बिअर जगभर पोचली होती. कडक पोर्टरला ‘स्टाउट’ म्हणत. लंडनच्या सदर्कमधली कडक पोर्टर रशियाच्या सम्राज्ञीच्या दरबारी जात असल्याची नोंद जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराच्या १७९६ च्या रोजनिशीत आहे. त्या वाटेवरच्या बाल्टिक देशांत मग स्थानिक पोर्टर होऊ लागल्या. डब्लिनमध्ये आर्थर गिनेसने १७५९ च्या अखेरीला कारखान्याची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली, तीही ९००० वर्षांच्या कराराने! १७९९ पासून तिथे फक्त पोर्टर होऊ लागली. हिंदुस्थानात आलेली बिअर म्हटलं की सगळ्यांना फिकट ‘इंडिया पेल एल’ आठवते. पण ती जास्त करून साहेब लोकांची. गोऱ्या शिपायांसाठी कंपनी सरकार पिंपंच्या पिंपं पोर्टर मागवत असे. मुंबई बंदरात ती पिंपं उतरवणारे अर्थात आपलेच हमाल असणार.

शेजारच्या श्रीलंकेत तर स्टाउट रुजलीच. तिथली लायन स्टाउट आठ टक्क्यांच्या वरची, उष्ण देशात बनलेली आणि तरी दाट. पायमोजे काढले तेव्हा काकवीवाली बाटली हीच निघाली, आणि आमच्या शीटमध्ये ती पहिली आली. दुसरी आली लंडनची पोर्टर, तिसरी पोलंडची. जर्मनीची कोस्ट्रिट्झर मात्र या घराण्यातली नाही. काळी जर्मन बिअर ही वेगळीच परंपरा आहे आणि त्या गावच्या बिअरची पहिली नोंद १५४३ ची आहे. पिताना ती इतकी हलकी लागली, की आम्हाला वाटलं कुणीतरी डोळे मिटून साधी बिअरच ओतलीय.

डब्लिनची बाटली चौथी आली आणि वाद पेटला. तेव्हा मी एक नाव काढलं. १८९९ साली विल्यम गॉसेट नावाचा तरुण गिनेसमध्ये नोकरीला लागला. सातू, हॉप्स, बिअर यांचे थोडेच नमुने तपासून निष्कर्ष कसा काढायचा, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०८ साली त्याने त्यावर निबंध लिहिला, पण कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. इंजिनिअरिंगला आपण घोकलेली ‘स्टुडंट्स टी टेस्ट’ ती हीच! मी आमच्या गुणांना ती लावली. निष्कर्ष असा, की चार जणांच्या गुणांवरून दुसरी आणि चौथी यांत फरक आहे असं म्हणताच येत नाही. एका काळ्या बिअरवाल्याच्याच गणिताने आमचा वाद मिटवला.

इथे लेख संपवता आला असता. पण पोर्टरची एक गोष्ट अशी सापडली, की तिने माझी झोप उडवली. त्यासाठी पुन्हा मागे, व्हीलरच्या पेटंटच्याही तीन वर्षं आधी जावं लागेल.

पोर्टर ही कारखान्यात, प्रचंड प्रमाणात होणारी पहिली बिअर. व्हिटब्रेडने १७८५ साली जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन बसवलं. ते आज सिडनीच्या संग्रहालयाकडे आहे. १७९६ पर्यंत त्याचं उत्पादन वर्षाला दोन लाख पिंपांवर गेलं होतं. पोर्टर महिनोन्‌महिने मुरवायची तर टाक्या हव्यात. लाकडी टाक्या, बाहेरून लोखंडी कडी आवळलेल्या. कुणाची टाकी मोठी यावर कारखान्यांत चढाओढ लागली.

टॉटनहॅम कोर्ट रोडच्या टोकाला, जिथे आज डोमिनियन थिएटर आहे तिथे, म्यू कंपनीचा हॉर्स शू कारखाना होता. त्याच्या मागच्या भिंतीला लागून सेंट जाइल्सची गरीब वस्ती. तळघरांत, एकेका खोलीत कुटुंबं, बरीचशी आयरिश. १७ ऑक्टोबर १८१४, दुपारचे साडेचार. जॉर्ज क्रिक नावाच्या कोठीवरच्या कारकुनाला दिसलं, की २२ फूट उंच टाकीचं एक कडं सुटून खाली घसरलंय. कड्याचं वजन ७०० पौंड, म्हणजे सुमारे ३२० किलो. टाकीत ३५५५ पिंपं पोर्टर होती, म्हणजे आपल्याकडचे दहा हजार लिटरचे पाण्याचे ५८ टँकर. पण क्रिक घाबरला नाही. अशी कडी वर्षातून दोन-तीनदा निसटायचीच. त्याने वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, काही होणार नाही, दुरुस्तीसाठी मालकांपैकी एकाला चिठ्ठी लिहून ठेव. त्याने लिहिली. तासाभराने ती चिठ्ठी हातात असतानाच टाकी फुटली.

त्या लोंढ्याने इतर पिंपं फोडली, कारखान्याची २५ फूट उंच मागची भिंत पाडली आणि तो वस्तीत घुसला. एका घरात दोन वर्षांच्या आयरिश मुलाच्या अंत्यदर्शनाला माणसं जमली होती. मुलाची आई अ‍ॅन सॅव्हिल आणि आणखी चौघं तिथेच गेली. शेजारी चहा घेत असलेल्या घरातली चार वर्षांची हॅना गेली. खानावळीच्या अंगणात भांडी घासणारी एलेनर कूपर ही किशोरवयीन मोलकरीण भिंतीखाली गेली. एकूण आठ जण, सगळी बायका आणि मुलं. लोक रस्त्यावर वाहणारी बिअर पीत सुटले, हा किस्सा आज चवीने सांगितला जातो. त्या काळच्या वर्तमानपत्रांत तसं काही नाही. उलट, ढिगाऱ्याखालून आवाज ऐकू यावेत म्हणून लोक शांत उभे होते, असं आहे.

दोन दिवसांनी चौकशी झाली. निकाल असा, की मृत्यू अकस्मात, अपघाताने आणि दुर्दैवाने झाले. दोष कुणाचाच नाही. वाहून गेलेल्या बिअरवर आधीच भरलेला सुमारे ७२५० पौंड कर सरकारने कंपनीला परत दिला. वस्तीतल्या लोकांना कंपनीकडून काही मिळालं नाही. बघायला आलेल्यांनी शवपेट्यांजवळ टाकलेल्या नाण्यांतून अंत्यविधी झाले.

हे वाचून मी का अस्वस्थ झालो ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या पगाराच्या सिस्टीमचं काम माझ्याकडे होतं. दर महिनाअखेर एक इशारा यायचा, की डिस्क भरत आलीय. दोन दिवसांत आपोआप जागा व्हायची. दोन-तीन महिन्यांनी मी त्या मेल्स परस्पर एका फोल्डरमध्ये जातील अशी सोय केली. वाचणं बंद. डिसेंबरमध्ये डिस्क खरंच भरली आणि ऐन नाताळच्या तोंडावर गोदामातल्या लोकांचे, माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचे, पगार तीन दिवस उशिरा झाले. कुणी मेलं नाही हे खरं. पण त्यांतल्या एका बाईने फोनवर विचारलं होतं, “भाडं आज भरायचं होतं, मी घरमालकाला काय सांगू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतरचा अहवाल मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘अनपेक्षित बिघाड’. सगळ्यांनी मान डोलावली. ग्राहकाने पुढच्या वर्षाचं कामही आम्हालाच दिलं.

अनपेक्षित कसला? कडं दर महिन्याला सुटत होतं. फक्त आजवर काही झालं नव्हतं म्हणून पुढेही होणार नाही, असं मी धरून चाललो होतो. क्रिकने निदान चिठ्ठी तरी लिहिली!

पोर्टर पुढे मागे पडली. १९७४ च्या सुमाराला गिनेसनेही शेवटची पोर्टर बंद केली, नुसती स्टाउट राहिली. मग सत्तरच्या दशकात छोट्या कारखान्यांनी पोर्टर पुन्हा उकरून काढली आणि आज तिचे शेकडो प्रकार मिळतात. यंदाही आम्ही शीट घेऊन बसणार आहोत. तारीख ठरलीय, १७ ऑक्टोबर. पहिला ग्लास भरण्याआधी आठ नावं वाचायची, असं मी सुचवलंय आणि तिघांनीही हो म्हटलंय.

आणि ते मेलचं फोल्डर मी काढून टाकलंय. इशारे आता थेट समोर येतात. बहुतेक वेळा काही नसतं. तरी उघडतो, वाचतो आणि मगच चहा घ्यायला उठतो.

आईला हा लेख वाचून दाखवणार आहे. बघू, काय म्हणते ते!